लांब एसएसएमएल तोडताना टॅग तुटतात, मजकूर गळतो, आवाज उडी मारतो: कारणं आणि उपाय

एसएसएमएल म्हणजे मजकूर कसा बोलायचा हे टॅगांनी सांगणारी भाषा; ती मजकूर बोलून दाखवणाऱ्या सेवेला पाठवतात. ती लांबली की दिसणारी लक्षणं बहुतेक ठरलेली असतात. छोटा मजकूर नीट बोलला जातो, लांबला की सेवा रिक्वेस्ट नाकारते. मग कुणीतरी ठरावीक लांबीवर स्ट्रिंग कापणारं चार ओळींचं फंक्शन लिहितं आणि तिथून पुढे अधूनमधून नवी तक्रार येत राहते. कधी एसएसएमएल अवैध असल्याची एरर, कधी अर्धं वाक्य गायब, कधी मध्येच 'ॲम्प' असा शब्द ऐकू येतो, तर कधी संथ बोलणारा निवेदक परिच्छेदाच्या मध्यावर एकदम भरभर बोलू लागतो. दर वेळी त्या एका फाइलपुरती डागडुजी होते आणि पुढच्या लांब फाइलला दुसरंच काहीतरी निघतं.

माझं म्हणणं असं की या तक्रारी वेगवेगळ्या सोडवायच्याच नाहीत. एसएसएमएल हे एक्सएमएल आहे, म्हणजे एकात एक बसलेल्या टॅगांचं झाड. आपण ते स्ट्रिंग समजून कापतो, म्हणून पुढचं सगळं होतं. आधी झाड वाचायचं, तोडायची जागा झाडावर ठरवायची आणि प्रत्येक तुकडा पुन्हा स्वतःच्या पायावर उभं राहणारं झाड म्हणून लिहायचा. हे एकदा नीट केलं की बाकी उरतं ते आवाज जोडण्याचं काम, आणि त्यात वेगळे खड्डे आहेत.

तोडायलाच हवं का?

हे आधी तपासा. ॲमेझॉनच्या पॉली या मजकूर बोलणाऱ्या सेवेला नेहमीच्या थेट रिक्वेस्टमध्ये एकूण ६००० कॅरेक्टर चालतात, त्यातली बिलात धरली जाणारी ३०००पेक्षा जास्त नकोत. पण त्याच सेवेत मागून फाइल तयार करून एस-थ्री बकेटमध्ये (ॲमेझॉनच्या ऑनलाइन साठवणीत) टाकणारं असिंक्रोनस काम आहे आणि त्याची मर्यादा बिलातल्या १,००,००० कॅरेक्टरांची आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझुरमध्ये थेट रिक्वेस्टचा आवाज १० मिनिटांपर्यंतच मिळतो, त्याहून लांब कामासाठी बॅच सिंथेसिस आहे. ऐकणारा समोर वाट पाहत बसलेला नसेल, म्हणजे ऑडिओबुक, बातमीपत्र, अभ्यासक्रमाचे पाठ असं काही असेल, तर बॅचचा रस्ता घ्या आणि हे पुढचं निम्मं वाचूच नका.

थेट उत्तर हवं असेल, किंवा सेवेकडे तशी सोयच नसेल, तर तोडणं टळत नाही. मर्यादेचे आकडे सेवा बदलत असतात, म्हणून ते कोडमध्ये पेरू नका, कॉन्फिगरेशनमध्ये ठेवा. आकड्यासोबत तो कशाचा आहे हेही ठेवा. खरा घोळ त्या दुसऱ्या गोष्टीत असतो.

"मर्यादेच्या आत आहे तरी नाकारतंय"

पॉली कॅरेक्टर मोजते आणि बिलासाठी टॅग धरत नाही. गूगल क्लाउडची टेक्स्ट-टू-स्पीच सेवा एका रिक्वेस्टला ५००० बाइट देते. त्या बाइटमध्ये टॅगही आले, आणि बिलातही 'मार्क' (वेळेची खूण करणारा टॅग) सोडून बाकीचे टॅग धरले जातात. अझुरला वेब सॉकेटवरून पाठवलेला एसएसएमएल संदेश ६४ केबीपर्यंत चालतो, पण एका संदेशात 'व्हॉइस' आणि 'ऑडिओ' टॅग मिळून ५०च्या वर गेले तर तोही अडतो. म्हणजे तीन सेवा आणि तीन वेगळी मापं: कॅरेक्टर, बाइट, आणि मिनिटं अधिक टॅगांची संख्या. एकीसाठी लिहिलेलं तोडणारं फंक्शन दुसरीकडे जसंच्या तसं नेलं की ही तक्रार येणारच.

देवनागरीत बाइटचा मार जास्त बसतो. यूटीएफ-८ या मजकूर बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'नमस्कार' हा शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात; युनिकोडच्या लेखी ती ७ चिन्हं आहेत, कारण हलन्त आणि काना वेगळे मोजले जातात; आणि बाइट होतात २१. नुसती देवनागरी चिन्हं भरली तर ५००० बाइटमध्ये १६६६ बसतील. स्पेस आणि विरामचिन्हं एकेका बाइटची असल्यामुळे प्रत्यक्षात १८००च्या आसपास जातात. इंग्रजी मजकुरावर ४८०० कॅरेक्टरांची मर्यादा ठेवून चाचणी केलेला कोड मराठी मजकुरावर पहिल्याच तुकड्याला आपटतो तो यामुळे.

जावास्क्रिप्टमधली स्ट्रिंगची लांबी यूटीएफ-१६ एककं मोजते, पायथनमधली युनिकोड चिन्हं. दोन्ही ठिकाणी बाइट हवे असतील तर स्ट्रिंग एन्कोड करूनच मोजावी लागते. आणि एक बारकी गोष्ट: मजकूर कुठूनतरी युनिकोडच्या विघटित रूपात आला असेल तर 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला 'ऱ' एका चिन्हाऐवजी 'र' अधिक नुक्ता असा दोन चिन्हांचा होतो, म्हणजे ३चे ६ बाइट. अर्धा र काही कीबोर्ड र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक असाही लिहितात. तो जोडक दिसत नाही, पण ३ बाइट खातो. मोजण्याआधी मजकूर एनएफसी (युनिकोडच्या जोडलेल्या) रूपात आणून घ्या, म्हणजे निदान विघटित 'ऱ'चा फरक उरत नाही. जोडक मात्र त्याने जात नाही, आणि तो बेधडक काढूनही टाकू नका. र आणि हलन्ताच्या पुढचा जोडक गेला की अर्ध्या 'र'चा रफार होतो आणि काही आवाज मग शब्द वेगळा उच्चारतात.

मोजण्यातली दुसरी चूक म्हणजे फक्त मजकूर मोजणं. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा 'स्पीक' हा सगळ्यात बाहेरचा टॅग लागतो, त्यावर नेमस्पेस (टॅग कोणत्या संचातले हे सांगणारा पत्ता) आणि भाषा लागते, अझुरला आत 'व्हॉइस' लागतो, शिवाय मध्येच तोडलेले 'प्रोसोडी' (वेग आणि पट्टी ठरवणारा) वगैरे टॅग पुन्हा उघडावे लागतात. हा सांगाडा दोनेकशे बाइट सहज खातो. त्यात मजकुरातलं एक '&' चिन्ह एक्सएमएलमध्ये लिहिताना पाच कॅरेक्टरांचं होतं. म्हणून तुकड्याचा आकार बेरजेने अंदाजू नका. तुकडा पूर्ण लिहून काढा, एन्कोड करा आणि ती लांबी पाहा. हे हळू आहे असं वाटेल. पण सेवेला आवाज तयार करायला जो वेळ लागतो त्यापुढे काही किलोबाइट पुन्हा लिहिण्याचा वेळ मोजण्याइतकाही नसतो.

"एसएसएमएल अवैध" अशी एरर, पण मूळ फाइल तर बरोबर आहे

पहिली शक्यता उघड आहे: टॅगच्या मध्येच कापलं, किंवा उघडणारा टॅग एका तुकड्यात आणि बंद करणारा दुसऱ्यात गेला. कापताना एंटिटीचे (खास चिन्हासाठी लिहायच्या संकेताचे) दोन तुकडे झाले, म्हणजे '&' एकीकडे आणि अर्धविरामापर्यंतचा भाग दुसरीकडे, तरी हेच होतं. रेग्युलर एक्स्प्रेशनने 'टॅगच्या आत आहोत का' हे ओळखायचा मोह होतो. तो आवरा. ॲट्रिब्यूटच्या किमतीत '>' चिन्ह कायदेशीर आहे, कॉमेंटमध्ये काहीही असू शकतं, सीडेटा (जसाच्या तसा घ्यायच्या मजकुराचे) विभाग असतात. हे सगळं एक्सएमएल वाचणाऱ्या पार्सरला आधीच कळतं.

दुसरी शक्यता जास्त छळते, कारण झाड वाचून लिहिणारा शहाणा कोड लिहिल्यावरच ती भेटते. पायथनच्या एलिमेंटट्री या एक्सएमएल लायब्ररीला एसएसएमएलची डीफॉल्ट नेमस्पेस वाचायला दिली की लिहिताना ती प्रत्येक टॅगच्या नावाआधी 'एनएस०:' असं स्वतःचं प्रिफिक्स लावते. एक्सएमएलच्या नियमाने ते बरोबर आहे. पण बऱ्याच सेवा मुळात 'स्पीक' हेच नाव शोधतात आणि प्रिफिक्स दिसलं की दार बंद करतात. उपाय एका ओळीचा आहे: त्या नेमस्पेसची नोंद रिकाम्या प्रिफिक्ससह आधीच करायची. अझुरच्या स्वतःच्या वाढीव टॅगांसाठी त्यांच्या नेमस्पेसचीही तशीच, त्यांच्या नेहमीच्या प्रिफिक्ससह नोंद करावी लागते.

तिसरी: एका सेवेसाठी लिहिलेला मार्कअप दुसरीकडे, किंवा त्याच सेवेच्या दुसऱ्या प्रकारच्या आवाजाला पाठवणं. एसएसएमएल हे डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाण आहे, १.० आवृत्ती २००४ची आणि १.१ २०१०ची, पण कुठलीच सेवा ते पूर्ण पाळत नाही. पॉलीचे न्यूरल आवाज 'एम्फसिस' (जोर देणारा टॅग) घेत नाहीत आणि 'प्रोसोडी'मधली पट्टीही बदलू देत नाहीत, तिचे जुने स्टँडर्ड आवाज हे दोन्ही करतात. तोडण्याशी याचा संबंध नाही, पण एरर सारखीच दिसते आणि माणूस दिवसभर तोडणारा कोड तपासत बसतो. म्हणून निदान करताना एक सवय ठेवा: नाकारलेला तुकडा जसाच्या तसा फाइलमध्ये साठवा आणि तो साध्या एक्सएमएल पार्सरला द्या. पार्सरने घेतला आणि सेवेने नाकारला, तर दोष टॅगांच्या निवडीत किंवा नेमस्पेसमध्ये आहे. पार्सरनेही नाकारला, तर तोडण्यात.

मजकूर गळतो

या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारणही एलिमेंटट्रीतच आहे. तिथे टॅगच्या आतला मजकूर 'टेक्स्ट' या खणात असतो, आणि टॅग बंद झाल्यानंतरचा, पुढच्या टॅगपर्यंतचा मजकूर त्याच टॅगच्या 'टेल' या खणात. 'थांबा, ब्रेक, मग पुढे चला' असा मजकूर असेल (मधला 'ब्रेक' हा विरामाचा टॅग), तर 'मग पुढे चला' हे 'ब्रेक'च्या शेपटीला लटकलेलं असतं. झाडावरून फिरताना फक्त 'टेक्स्ट' गोळा केलं की प्रत्येक 'ब्रेक'नंतरचं वाक्य गायब होतं. उलट, एखादा टॅग एका तुकड्यातून दुसऱ्यात हलवला तर त्याची शेपूटही सोबत जाते आणि तेच वाक्य दोनदा ऐकू येतं. जावास्क्रिप्टच्या डॉममध्ये मजकुराचे स्वतंत्र नोड असतात, तिथे ही भानगड नाही. पायथनमध्येच राहायचं असेल तर घटनांवर चालणारा सॅक्स पार्सर घ्या: 'टॅग उघडला', 'मजकूर आला', 'टॅग बंद झाला'. तोडण्याच्या कामाला तोच जास्त शोभतो.

'ॲम्प' ऐकू येण्याचं कारण दुहेरी एस्केपिंग. पार्सर वाचताना एंटिटी सोडवतो आणि लिहिणारा पुन्हा ती घालतो. मध्ये आपणही हाताने एकदा घातली की '&'चं मूळ रूप हरवतं आणि सेवा ती अक्षरं वाचून दाखवते. एस्केपिंग एकाच ठिकाणी, लिहिताना, लायब्ररीकडून. बाकी कुठेही नाही.

आणि कृपा करून एक्सएमएल सुंदर दिसावं म्हणून इंडेंट करू नका. त्या स्पेस आकारात मोजल्या जातात, आणि शब्दाच्या आत 'फोनीम' (उच्चार सांगणारा टॅग) किंवा 'सब' (पर्यायी शब्द देणारा) असेल तर शब्दाचे दोन भाग वेगळे पडून उच्चार बदलतो.

तोडायचं कसं

आता मुख्य काम. पार्सर मजकूर वाचत जातो तेव्हा उघड्या टॅगांचा एक स्टॅक (शेवटी उघडलेला सगळ्यात वर अशी चळत) ठेवा, प्रत्येकाच्या ॲट्रिब्यूटसकट. मजकूर आला की त्याची वाक्यं पाडा. प्रत्येक वाक्य हा एक दाणा, आणि त्या क्षणी उघडे असलेले सगळे टॅग ही त्या दाण्याची ओळख. मग दाणे क्रमाने तुकड्यात भरत जा. भरताना आधीच्या दाण्याच्या आणि या दाण्याच्या स्टॅकमध्ये जितका भाग समान आहे तितका उघडा राहतो, उरलेले टॅग बंद होतात, नवे उघडतात. तुकडा भरला की सगळं उलट्या क्रमाने बंद करा आणि पुढच्या तुकड्यात त्याच क्रमाने उघडा. एक सावधगिरी: स्टॅकची तुलना टॅगच्या नावावर करू नका, टॅग कोणत्या ठिकाणी उघडला त्या क्रमांकावर करा. नाहीतर लागोपाठचे दोन वेगळे 'पी' (परिच्छेदाचे टॅग) एकच समजून चिकटतात.

क्रम महत्त्वाचा आहे, कारण 'प्रोसोडी' एकात एक बसतात. बाहेर ८० टक्के वेग आणि आत पुन्हा ८० टक्के असेल तर आतला मजकूर ६४ टक्क्यांच्या जवळ जातो. पुन्हा उघडताना फक्त आतला उघडला तर त्या तुकड्यात वेग वाढतो. सुरुवातीला म्हटलेला अचानक भरभर बोलणारा निवेदक हाच. दोन्हींचा गुणाकार करून एकच टॅग लिहायची हुशारीही नको. 'स्लो' किंवा 'मीडियम' अशा शब्दांत दिलेल्या वेगाचा गुणाकार प्रत्येक सेवेत वेगळा असतो.

सगळे टॅग मात्र पुन्हा उघडण्याजोगे नसतात, आणि इथे थोडा विवेक लागतो. 'प्रोसोडी', 'व्हॉइस', 'लँग' हे वातावरण ठरवणारे टॅग, ते कितीही वेळा बंद-उघड करता येतात. 'से-ॲज' (आकडे, तारखा कशा वाचायच्या हे सांगणारा), 'सब', 'फोनीम' हे मात्र अखंड दाणे. टेलिफोन नंबर म्हणून वाचायचे आकडे अर्धे इकडे अर्धे तिकडे गेले तर नंबर चुकत नाही, पण गट चुकतात. 'सब' तोडला तर पर्यायी शब्द दोनदा बोलला जातो. 'एम्फसिस'ही अखंडच धरा. त्यात कुणी तीन वाक्यं घातली असतील तर ती चूक लेखकाची आहे आणि ती त्याला दाखवावी. 'मार्क'ला स्वतःची लांबी नसते, तो नेहमी पुढच्या दाण्यासोबत न्या. मागच्यासोबत नेला की त्याची वेळ आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या शांततेत पडते.

'पी' आणि वाक्याचा 'एस' हे टॅग फसवे आहेत. वरवर पाहता तेही वातावरणाचे टॅग. पण ते बंद होताना सेवा विराम घेते. परिच्छेदाच्या मध्येच तोडून 'पी' बंद केला की ऐकणाऱ्याला परिच्छेद संपल्यासारखा विराम ऐकू येतो. मध्ये तोडावंच लागलं तर त्या परिच्छेदाच्या तुकड्यांतून 'पी' काढून टाका आणि खऱ्या शेवटी लागणारी शांतता स्वतः घाला. तुकड्याच्या काठावर आलेल्या 'ब्रेक'चंही तसंच. काही सेवा शेवटचा विराम ठेवतात, काही कापतात, आणि आवाज बदलला की वागणूकही बदलू शकते. काठावरचा 'ब्रेक' एसएसएमएलमधून उचला, त्याची लांबी नोंदवा आणि जोडताना तेवढे शून्य सॅम्पल (आवाज ज्या आकड्यांत साठवतात ते आकडे) टाका. २४००० हर्ट्‌झच्या १६ बिट मोनो आवाजात ७०० मिलिसेकंद म्हणजे १६,८०० सॅम्पल, ३३,६०० बाइट. हिशेब साधा आहे आणि दर वेळी तोच निकाल मिळतो.

तोडायच्या जागांची पसंती ठरवून ठेवा: आवाज बदलतो तिथे किंवा शीर्षकापाशी सगळ्यात उत्तम, मग परिच्छेदाचा शेवट, मग वाक्याचा. वाक्य एकटंच मर्यादेबाहेर असेल तर अर्धविराम, स्वल्पविराम. शब्दांमधल्या स्पेसवर तोडणं हा शेवटचा उपाय. त्यापुढे काही नाही. एखादा अखंड दाणाच मावत नसेल तर तिथे थांबा आणि फाइलमधली ओळ दाखवणारी एरर द्या. गुपचूप अर्धा पाठवणारा कोड महिन्यांनी सापडतो, तोही एखाद्या ऐकणाऱ्याच्या कानाला.

मर्यादा काठोकाठ भरू नका. ९५ टक्के भरलेला एक तुकडा आणि मागे दोन शब्दांचा उरलेला, अशी वाटणी झाली की ते दोन शब्द वेगळ्याच सुरात येतात, कारण सेवेला ते एक स्वतंत्र छोटं विधान वाटतं. शेवटचा तुकडा फार लहान निघाला तर त्याची आणि आधीच्या तुकड्याची मिळून पुन्हा जवळपास समान वाटणी करा.

वाक्य कुठे संपतं?

मराठीत हे वाटतं त्याहून अवघड आहे. पूर्णविराम हेच टिंब 'डॉ.', 'प्रा.', 'क्र.', 'इ. स.', 'कि. मी.' यांतही असतं, आणि ३.५ मध्येही. युनिकोडच्या परिशिष्ट क्रमांक २९मधला वाक्य तोडण्याचा नियम टिंबानंतर लहान लिपीतलं अक्षर आलं तर वाक्य चालू आहे असं धरतो. रोमन मजकुरात त्याने बऱ्याच जागा वाचतात. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही, त्यामुळे तो नियम इथे कधी लागूच होत नाही आणि 'प्रा.'नंतर स्पेस आली की तयार लायब्ररी बिनधास्त वाक्य तोडते. मग एक तुकडा 'प्रा.' या शब्दावर संपतो आणि पुढचा आडनावाने सुरू होतो.

संक्षेपांची यादी ठेवावीच लागते. ती लांबलचक नसते; तुमच्या मजकुरात येणारे काही डझन पुरतात. सोबत दोन साधे नियम: टिंबाच्या दोन्ही बाजूंना आकडे असतील तर तोडू नका, आणि टिंबाआधी एकटंच अक्षर असेल, म्हणजे नावाचं आद्याक्षर, तरी तोडू नका. याने कधीकधी 'हो का? तो मी.' यासारख्या वाक्याचा शेवट चुकतो. चालेल. दोन वाक्यं एका दाण्यात राहिली तर ऐकणाऱ्याला काही कळत नाही, नाव तुटलं तर लगेच कळतं. अवतरणचिन्ह बंद व्हायचं असेल तर ते टिंबासोबतच न्या. जुन्या किंवा संस्कृत मजकुरातला दंडही शेवट म्हणून धरा.

वाक्य टॅगच्या आत सुरू होऊन बाहेर संपत असेल, म्हणजे मधले दोन शब्द 'प्रोसोडी'त असतील, तर मजकुराच्या प्रत्येक खंडाची वेगवेगळी वाक्यं पाडल्याने तीन खोटे दाणे तयार होतात. आधी संपूर्ण परिच्छेदाचा नुसता मजकूर जोडा, त्यावर वाक्यांच्या सीमा काढा आणि मग त्या सीमा झाडावर परत बसवा. हा टप्पा बहुतेक जण वगळतात.

जोडताना टक्‌ आणि उडी

प्रत्येक सांध्यावर 'टक्‌' असा आवाज येत असेल तर वेव्ह हेडर, म्हणजे वेव्ह फाइलच्या सुरुवातीची माहिती, तपासा. गूगलचं लिनिअर१६ या प्रकारचं उत्तर वेव्ह हेडरसकट येतं, पॉलीचं पीसीएम (न दाबलेला कच्चा आवाज) हेडरशिवाय. नेहमीचा ४४ बाइटांचा हेडर आवाज समजून वाजवला की तो २२ सॅम्पलांचा खडखडाट होतो. आणि पूर्ण वेव्ह फाइली एकामागे एक चिकटवल्या तर बरेच प्लेयर पहिल्या हेडरमधली लांबी संपली की थांबतात, म्हणून 'फक्त पहिला तुकडा वाजतो' ही तक्रार.

एमपीथ्री चिकटवणं त्याहून वाईट. ती फाइल ठरावीक लांबीच्या फ्रेमांची असते. २४००० हर्ट्‌झवर एक फ्रेम ५७६ सॅम्पलची, म्हणजे २४ मिलिसेकंद. एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी भरणी घालतो, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर थोडी जास्तीची शांतता साचते. सरळ मार्ग: सगळे तुकडे पीसीएममध्ये मागवा, सॅम्पल जोडा, शेवटी एकदाच एमपीथ्री करा. पॉलीकडून पीसीएम फक्त ८००० किंवा १६००० हर्ट्‌झला मिळतं. तेवढा दर्जा पुरत नसेल तर एमपीथ्री मागवून एफएफएमपेग या ऑडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामने उलगडा, जोडा आणि पुन्हा एन्कोड करा. नुसतं फाइल जोडण्यापेक्षा ते बरं. सगळ्या तुकड्यांचा सॅम्पलिंग दर एकच मागा, डीफॉल्टवर विसंबू नका.

सुराची उडी मात्र जोडणीने जात नाही. प्रत्येक तुकडा सेवेसाठी स्वतंत्र भाषण असतं, आणि नवे आवाज प्रत्येक वेळी थोडे वेगळे बोलतात. परिच्छेदाच्या शेवटी तोडलं तर ती उडी नैसर्गिक वाटते, हाच तिथे तोडण्याचा खरा फायदा. इलेव्हनलॅब्ससारख्या सेवा मागचा आणि पुढचा मजकूर संदर्भ म्हणून घेतात. तो बोलला जात नाही, फक्त सूर जुळवायला वापरला जातो. सोय असेल तर जरूर वापरा.

एक शब्द बदलला आणि सगळं पुन्हा बनवावं लागलं

तुकडे काठोकाठ भरत गेलं की पहिल्या परिच्छेदात दोन शब्द वाढवल्यावर पुढच्या प्रत्येक तुकड्याची सीमा सरकते. कॅशमधलं (आधी बनवून साठवलेल्या आवाजातलं) काहीच जुळत नाही, बिल पूर्ण फाइलचं येतं, आणि न बदललेल्या भागाचा सूरही बदलतो. त्यासाठी शीर्षकं किंवा विभाग या पक्क्या सीमा माना; भरणं प्रत्येक विभागात नव्याने सुरू करा. काही तुकडे अर्धे राहतील, राहू द्या. कॅशची किल्ली तुकड्याचा अंतिम एसएसएमएल, आवाज, ऑडिओचा प्रकार आणि सॅम्पलिंग दर यांच्या हॅशवरून काढा. संदर्भाचा मजकूर पाठवत असाल तर तोही त्यात घ्या.

रिक्वेस्ट समांतर पाठवल्या की ४२९, म्हणजे 'रिक्वेस्ट फार झाल्या' असा कोड येऊ लागतो. वाट पाहायचा वेळ दर वेळी वाढवत, त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवत पुन्हा पाठवा, आणि फक्त फसलेला तुकडाच. उत्तरं ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने जोडू नका. तुकड्याचा क्रमांक सोबत ठेवा.

चाचणी

या कोडची खरी चाचणी मर्यादा लहान करून होते. ५००० ऐवजी ३०० बाइट ठेवा, म्हणजे जी चूक वर्षातून एकदा दिसते ती पहिल्या पानावर दिसेल. मग तपासा: प्रत्येक तुकडा एकटा पार्स होतो का, लिहून काढल्यावर मर्यादेत आहे का, आणि सगळ्या तुकड्यांतला नुसता मजकूर जोडून, स्पेस सारख्या करून, मूळ मजकुराशी शब्दशः जुळतो का. शिवाय 'ब्रेक' आणि 'मार्क' यांचा क्रम मूळ फाइलसारखा हवा. काठावरून उचललेले 'ब्रेक' त्यात मोजायला विसरू नका. मजकुरात मुद्दाम '&', अवतरणचिन्हं, एकात एक तीन 'प्रोसोडी' आणि एक न मावणारं वाक्य घाला. या चाचणीला सेवेची गरज लागत नाही, त्यामुळे ती फुकट आणि हवी तितक्या वेळा चालते.

अझुरच्या १० मिनिटांच्या मर्यादेसाठी हे पुरत नाही. तिथे जास्तीचा आवाज एररशिवाय कापला जातो, म्हणून परत आलेल्या आवाजाची लांबी पाहावी लागते. ती १० मिनिटांना टेकली असेल तर तो तुकडा फसला असं धरा आणि त्याचे आणखी दोन करा. संथ वेग आणि मोठे 'ब्रेक' असलेला मजकूर बाइटमध्ये छोटा असूनही मिनिटांमध्ये मोठा निघतो.

शेवटी शब्दांच्या वेळा. बोलताना पडद्यावर शब्द ठळक करायचे असतील तर सेवा प्रत्येक तुकड्याच्या वेळा शून्यापासून देते. त्यात आधीच्या सगळ्या तुकड्यांची लांबी मिळवावी लागते, आणि ती लांबी फाइलच्या हेडरमधून किंवा पूर्णांक मिलिसेकंदांच्या बेरजेतून घेतली की चूक साचत जाते. जोडलेल्या सॅम्पलांची एकूण संख्या ठेवा, स्वतः टाकलेली शांतता त्यात धरा, आणि सॅम्पलिंग दराने भागाकार फक्त शेवटी करा. पॉलीच्या स्पीच मार्कमध्ये (शब्दांच्या वेळांच्या यादीत) वेळेसोबत शब्दाची मजकुरातली जागाही येते. ती बाइटमध्ये असते आणि तुकड्याच्या एसएसएमएलमध्ये मोजलेली असते, म्हणजे आपण पुन्हा उघडलेले टॅगही तिच्यात आले. ती मूळ फाइलमध्ये बसवायची तर प्रत्येक दाण्याची मूळ जागा तोडतानाच नोंदवून ठेवलेली हवी.